झोळीतले झटके

१२ नोव्हेंबर
आज पुन्हा! धम्मप्रिया झोळीत गाढ झोपलेली आणि एकदम दोन्ही हात फेकले, डोळे मोठे केले. मग रडणं. चार महिन्यांचं लेकरू – त्याला झटके? सासूबाई म्हणतात, "लेकरं दचकतातच. तू लई मनाला लावून घेतीस." यांना विचारलं. हे झोळीची दोरी हातात धरून खाली झोपलेले, नेहमीसारखे. "मला काय बी दिसलं न्हाई." झोपेत काय दिसणार!

१३ नोव्हेंबर
नायगावहून नांदेडला नेलं. डॉक्टरांसमोर बया हसत बसली. "झटका येताना व्हिडिओ काढा. झोळीसकट सगळं दिसू द्या. फिट असेल तर उशीर करून चालणार नाही, मेंदूवर परिणाम होतो." येताना यांच्या मोटारसायकलवर तिला इतकी घट्ट धरली की रडायलाच लागली.

१५ नोव्हेंबर
आग लागो या फोनला! नुसता अंधार आणि मध्ये एक पांढरा फराटा – तो तिचा हात. आतल्या खोलीला खिडकी नाही, दिवा लावला की ती जागी होते. नणंद विशाखा लातूरला लग्नाचे फोटो काढते, तिला फोन केला. "वहिनी, नाइट मोड नको, हललेलं सगळं पुसून जातं. साधा व्हिडिओ घे. फोन हातात न्हाई, कशाला तरी टेकव. आधी कोंबड्यांवर बघ."

१६ नोव्हेंबर
दिवेलागणीला आतल्या खोलीत कोंबड्यांवर परीक्षा. आधी व्हिडिओत कोंबडीच्या जागी नुसता धूर दिसला. मग दार अर्धं उघडलं, फोन पिठाच्या डब्याला टेकवला – पंख न् पंख दिसला! सासूबाई म्हणाल्या, "कोंबड्यांचं लगीन हाय का? फोटो काढून राहिलीस!" किती दिवसांनी हसले. लगेच भीती वाटली – माझ्या हसण्याला कोणाची नजर लागली तर?

१८ नोव्हेंबर
हे शाळेची व्हॅन घेऊन दिवसभर बाहेर. ती निवांत झोपली. मी फोन लावून बसलेली. आई असून लेकराला झटका यावा म्हणून वाट बघतेय! माझीच मला भीती वाटते.

१९ नोव्हेंबर
मिळाला. संध्याकाळी हे पोरं सोडून आले, दोरी धरून आडवे झाले. थोड्याच वेळात – हात, डोळे, सगळं स्पष्ट. झोळीखाली हेही आलेत. मी फक्त तिच्याकडेच बघितलं. दुसऱ्यांदा बघायची हिंमत नाही.

२१ नोव्हेंबर
डॉक्टरांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. "बाळाला काही नाही. झोळीला हिसका बसतो, म्हणून दचकते." मी तिथेच रडले. त्यांनी बोट खाली नेलं. दोरी धरलेला हात – ताठ, झटके देणारा. तोंड एका बाजूला ओढलेलं.
"हे कोण?"
"आमचे हे. बाहेर गाडीपाशी उभे आहेत."
"गाडी कोणी चालवत आणली?"
यांनीच. मी लेकराला पोटाशी धरून मागे बसले होते.