डाव्या कोपऱ्यातली जागा

यान्बू (सौदी अरेबिया), १४ जानेवारी २०२५

ती. चारूकाकांना स्वप्नाचा सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि यंत्र तुम्ही कानाला लावत नाही, म्हणून हाताने लिहून पत्राचा फोटो पाठवते आहे. तुमच्या जावयाची, ओमची, प्लांटमधली नोकरी आणि माझी कॉलेजातली, दोन्ही ठीक.

पुढच्या महिन्यात जेद्दाला मुलींच्या कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा आहे. आठ संघ, त्यांत आमचा सगळ्यांत लहान. मुली सात, मैदान उघडं. गेल्या वर्षी पहिलाच सामना चाळीस गुणांनी हरलो. यंदाही तसंच झालं तर संघ बंद, असं प्राचार्याबाईंनी सांगून टाकलंय. नाशिकला आमच्या फाटक्या बुटांच्या संघाला तुम्ही विद्यापीठाची ढाल मिळवून दिलीत. ते कसं केलंत?

आणखी एक. आमच्या संघातली दुआ ऑक्टोबरात मदिनेच्या रस्त्यावर गाडी उलटून वारली. सगळा खेळ तीच चालवायची, डाव्या कोपऱ्यातून. मुली अजून तिथे पास देतात. कोणी नसतं. काल तसाच गेलेला बॉल बाहेर न जाता परत आला. समुद्राकडून वारा होता, असं मी मुलींना सांगितलं.

तुमची माया इथवर पोचते, तशीच पोचत राहो.
स्वप्ना


नाशिक, १९ जानेवारी

चि. स्वप्नास अ. आ.

खेळायचीस तेव्हा माझं एक ऐकलं नाहीस, आता विचारतेस. बरं वाटलं.

मोठ्या संघाबरोबर पळू नका. त्यांच्या बाकावर दहा जणी, तुमच्या दोन. बॉल हातात ठेवा, वीस-वीस सेकंद फिरवा. बास्केट करायच्या संधी जितक्या कमी, तितकं लहान-मोठ्यातलं अंतर कमी. शंभर संधी मिळाल्या तर त्याच जिंकतील. पन्नासच मिळाल्या तर त्यांना दोन चुका महाग पडतील. प्रत्येकीकडून रोज पन्नास फ्री थ्रो करून घे. आणि तुझ्या मुली तीन वर्षं एकत्र आहेत ना? अटीतटीच्या वेळी नावाजलेल्या खेळाडू एकेकट्या खेळू लागतात. जुन्या मैत्रिणी एकमेकींना शोधतात.

कोपऱ्याचं मनावर घेऊ नकोस. हातांची सवय उशिरा सुटते. तिथे दुसरी मुलगी उभी कर.

ओमला आशीर्वाद. म्हाताऱ्यावरचा जीव कमी करू नकोस.
चारूकाका


जेद्दा, ७ फेब्रुवारी, सकाळ

ती. काका, सा. न.

आम्ही अंतिम फेरीत आहोत. ३८–३५, मग ४४–४०. तुम्ही सांगितलंत तसंच खेळलो. पण काल इथल्या शराफिया भागातल्या हॉटेलात मुलींसमोर बिर्याणी आली, तर एकीनेही घास घेतला नाही.

मैदानावर त्या बोलत नाहीत, काका. समोरच्या मुली ओरडतात, आमच्या गप्प. न बघता पास देतात. उपांत्य सामन्यात समोरच्या प्रशिक्षक बाईंनी तक्रार केली की आमच्या सहा जणी खेळताहेत. पंचांनी खेळ थांबवून मोजल्या. पाच. नंतर गुणलेखिकेने मला तिचा कागद दाखवला. अकरा नंबरपुढे तिने दोन बास्केट लिहून खोडल्या होत्या. अकरा नंबर दुआचा. यंदा तो कोणीच घातलेला नाही.

कोपऱ्यात मी सकिनाला उभं करते. बॉल येण्याआधी कोणीतरी बाही ओढतं, असं ती म्हणते. काल तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, ती दमलीय. आम्ही मनात बोलावतो म्हणून येते.”

दुआची आई, श्रीवर्धनच्या अमिरुन्निसा आपा, आमच्याबरोबर बसने आल्या आहेत. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. सामना उद्या दुपारी. मी काय करू?

स्वप्ना


नाशिक, ७ फेब्रुवारी, दुपार

चि. स्वप्ना,

हातांच्या सवयीचं मी लिहिलं, तेव्हा माझाच त्यावर विश्वास नव्हता. तुला धीर यावा म्हणून लिहिलं.

दमलेल्या खेळाडूला बाहेर घ्यायचं असतं. मुलींना सांग, उद्या एकमेकींना नावाने हाक मारा, मोठ्याने. मनात कोणाला बोलावू नका. हरलात तर हरलात. संघ बंद झाला तर मी प्राचार्याबाईंना पत्र लिहीन, माझं इंग्रजी कसं आहे ते तुला ठाऊक आहे.

चारूकाका


यान्बू, १० फेब्रुवारी

ती. काकांना सा. न.

तुमचा निरोप सांगितला तेव्हा मुली रडल्या. इकराला तर हे दुआला हाकलल्यासारखं वाटलं. शेवटी सकिनानेच सगळ्यांना राजी केलं.

सुरुवातीला आवाज फुटेना. मध्यंतराला नऊ गुणांनी मागे होतो. डाव्या कोपऱ्यात गेलेला पास सरळ बाहेर जाऊन भिंतीवर आपटला. त्या आवाजाने इकरा दचकली आणि तिने सकिनाला हाक मारली. मग सगळ्याच एकमेकींना बोलावू लागल्या. घसे बसले, चुका झाल्या, पण खेळ त्यांचा होता. ४१–३९. आम्ही जिंकलो, काका.

जल्लोष मात्र झाला नाही. करंडक दाखवायला मी आपांकडे वळले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. आपांचा डावा खांदा खाली दबला होता आणि त्या जरासुद्धा हलत नव्हत्या. पुटपुटल्यासारखं त्यांनी मला सांगितलं की, दुआ पहिल्या शिट्टीपासून शेजारीच बसली होती, खूप दमलेली दिसत होती, आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय.

मुलींनी ते ऐकलं. सगळ्यांनी बूट काढून हातात घेतले आणि आम्ही पाय न वाजवता बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. प्राचार्याबाईंचा फोन येत होता, तो मी बंद केला. तासाभराने आपा एकट्याच बाहेर आल्या, आणि निघूया म्हणाल्या.

आपल्या मायेतली,
स्वप्ना