नव्या लायनरवर दोन ओरखडे

मंगळवार, १५ मे १९७३

त्या मॅनेजरचं तोंडही पुन्हा पाहायची इच्छा नाही. बर्फ कारखान्याच्या जनरेटरचं इंजिन मी तीन आठवडे खपून नव्यानं बांधलं. सिलिंडरचे लायनर नवे, पिस्टनच्या रिंगा नव्या. सकाळी चालू करतानाच बजावलं होतं, दोन दिवस फक्त दिवे-पंखे चालवा, रिंगा नीट बसू द्या. मी फिल्टर आणायला इतवारी बाजारात गेलो आणि तेवढ्यात यांनी बर्फाचे दोन्ही जड कॉम्प्रेसर जोडले.

परतलो तर फाटकापासूनच आवाज जड. काळा धूर. धावत जाऊन डिझेलचा कॉक बंद केला.

"बंद काहून केलं गा? बरफ वितळून राहिला!" मॅनेजर ओरडला. "इंजिन आहे का बाळंतीण?"

थंड झाल्यावर खालचं झाकण काढून बॅटरी मारली. दोन नंबरच्या लायनरवर दोन उभे ओरखडे. नखाला लागत होते. आणि हा मॅनेजर, तेवढ्यात आलेल्या मालकासमोर म्हणतो, "मिस्तरीचं कामच कच्चं!"

मी ऑपरेटर पुंडलिककडे पाहिलं. कॉम्प्रेसरचा लोड त्यानंच टाकला होता, मॅनेजरच्या हुकुमानं. बोलला का? मान खाली. म्हणजे ते ओरखडे माझे? माझ्या हातचे?

निघालो तर फाटकाशी पुंडलिक मागून आला. "दादा, मले नोकरी सांभाळा लागते."

मी सायकलवर टांग मारली. मॅनेजरला मी मनात शिव्या देऊन मोकळा झालो. पुंडलिकचा राग मात्र जात नाही, त्याच्याशी बोलूच नये असं वाटतं. उद्या लायनर काढायला मदतीला तोच असणार, आणि "पाना दे" एवढं तरी त्याला म्हणावंच लागेल.