कारखान्याच्या रायफलीचा दर्जा

५ ऑक्टोबर, शनिवार
कोल्हापूरहून रायफल आणली. कारखान्यात बनलेली, बोल्ट-ॲक्शन. परवाना शेतीसंरक्षणाचा. यंदा भाताची एक लोंबी रानडुकराच्या तोंडी जाणार नाही. वर्षाचा तांदूळ आपल्या तीन कुणग्यांतूनच, एवढ्या तीन खाचरांतूनच येतो, अशी आठवण सौ. योगिनीने करून दिली. जसं काही मला ठाऊकच नाही.
शेजारचा गुणाजी ठासणीची बंदूक सोडून हीच घ्यायची म्हणतो, पण माझं मत ऐकून. बरोबर आहे. एस.टी. डेपोत बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. नट हातात घेतला की दर्जा कळतो.
निश्चय: पूर्ण तपासणी झाल्याशिवाय एकही बार काढायचा नाही.

७ ऑक्टोबर
दस्त्याचं लाकूड बरं. पॉलिश घाईचं. ट्रिगर जड. नळीवरची नेम धरायची माशी डावीकडे कललेली. ओळंबा लावून सिद्ध केलं. योगिनी म्हणाली, टेबलाच्या पायाखालचा पुठ्ठा निघालाय. पुठ्ठा घातला. माशी सरळ. हा मुद्दा तूर्त राखून ठेवला.

९ ऑक्टोबर, सकाळी ७
योगिनी शेतावरून आली. "डुकर येवन गेले. खालचो कुणगो संपलो." एवढंच बोलली. चहा दिला नाही. अर्धवट तपासलेली रायफल वापरणं बेजबाबदारपणाचं झालं असतं, हे तिला कोण सांगणार.

१२ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजा. गुणाजीने बंदुकीवर एक फूल टेकवलं आणि जेवायला गेला. मी बोल्ट उघडून हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या थेट आत वाहिल्या. करायचं ते व्यवस्थित.

१३ ऑक्टोबर
तिन्हीसांजेला शेतातल्या मांगरात, राखणीच्या खोपीत बसलो. सात डुकरं. बोल्ट पुढे जाईना. खरखर. हिसडा दिला तर अडकूनच बसला. डुकरांनी एकदा वर बघितलं आणि खात राहिली. योगिनी धावत आली म्हणून पळाली. इतका संताप आयुष्यात झाला नव्हता. गुणाजीला सांगून टाकलं, माल रद्दी आहे.
कारखान्याला अकरा मुद्द्यांची तक्रार लिहिली. 'यंत्रकाम गचाळ' हे लाल शाईने.

१४ ऑक्टोबर
तक्रार रजिस्टर पोस्टाने रवाना. आता हलतील.

१६ ऑक्टोबर
निवडणुकीची आचारसंहिता लागली. परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा. हवालदाराने बोल्ट काढून टेबलावर आपटला. पाच अक्षता आणि झेंडूची पाकळी पडली, कुंकू आणि तेलात लडबडलेली. त्याने शांतपणे विचारलं, "तुमच्यात पूजा आतून करतात?" मग बोल्ट लोण्यासारखा सरकवून दाखवला. सगळे हसले. मीही हसलो.
तक्रार परत मागवता येईल का, पोस्टात विचारलं. येत नाही.
पण मुळात, देशी कारखान्याला दसरा ठाऊक असायला नको? बारावा मुद्दा.

२६ ऑक्टोबर
कापणी झाली. खालचा कुणगा गेला तो गेलाच. वरचे दोन वाचले. दहा दिवस रोज तिन्हीसांजेला योगिनी मांगरात बसून तेलाचा रिकामा डबा बडवत होती. मी पुरवणी तक्रार लिहीत होतो. वाईट वाटलं. खरंच वाटलं.
संध्याकाळी गुणाजी आला. म्हणाला, शेवटचं काय ते सांगा, रायफल घेऊ की नको? मी चष्मा लावला, फाईल उघडली. योगिनी भात पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजीनु, डबो घेवा."
गुणाजी डबा नीट बघून गेला.
नंतर मीही हातात घेऊन बघितला. पत्रा तसा पातळच आहे.