श्रीधरचा सूट

ती. सदाशिवकाकांस, कालिंदीचा नमस्कार.

तेराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "श्रीधरचा तो विमानातून उड्या मारायचा सूट देऊन टाका कुणाला. एक गेला तेवढं पुरे." पण दादाला आभाळानं नेलं नाही, काका. चितेगावजवळ उलट्या बाजूनं आलेल्या ट्रकनं नेलं. त्या रस्त्यानं तुम्ही अजून रोज जाता.

सूट मी दिला नाही. पाय आखूड करून घेतले. हातापायांवर शिवलेल्या कापडी पकडी मात्र तशाच ठेवल्या. उडी मारल्यावर आमच्या संघातले चौघं हवेत त्याच धरून आकृती करतात, आणि बाकीच्या तिघांच्या हातांना त्यांची सवय आहे. मी राखीव होते. आता दादाच्या जागी मी.

काल बजाजनगरला, संघातल्या सांडूच्या गच्चीवर सराव केला. चाकांच्या फळ्यांवर पालथं पडून एकमेकांना धरायचं. दादानं मान हलवली की सगळ्यांनी एकदम सोडायचं आणि पुढची आकृती करायची. काल मान मला हलवायची होती. हलेना. माझी पकड धरून सांडू तसाच पडून राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, सोडायचं का नाय? पोटाची पोळी झाली."

बाकीचे दोघं हसले. मलाही हसू आलं, आणि मी मान हलवली. सगळे हात एकदम सुटले.

हे पत्र टपालात टाकणार नाही. आमची उड्यांची स्पर्धा झाली की तोच सूट घालून तुमच्या दारात येईन आणि तोंडानं सांगेन.

तुमची पुतणी,
कालिंदी