चोपन्न नंबरचा उजवा पाय

बुधवार, १५ ऑक्टोबर
टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात आठवं वर्ष. राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे चाल पुकारून चेंडू फेकणाऱ्याचा बदली. लोक याला बाकावर बसणं म्हणतात. मी तयारी म्हणतो. सरावात नेहमीप्रमाणे रविवारच्या शत्रूचा क्वार्टरबॅक झालो, आपल्या बचावाला त्याची सवय व्हावी म्हणून. कोच मॅकएलरॉय म्हणाले, हुबेहूब, तोही असाच वाईट फेकतो. कौतुकच झालं.
दुपारी समोरच्या संघाच्या जुन्या सामन्यांच्या फिल्मची मीटिंग. दिवे बंद. तेवढ्यात नवी सही बसवून घेतली. माझ्या 'पाव्हलाक' आडनावाच्या शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. चाहत्यांची ऐनवेळी अडचण नको.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
घरी एकट्याने फिल्म पाहिली आणि शोध लागला. समोरचा चोपन्न नंबर क्वार्टरबॅकवर धावून जाणार असला की आधी उजवा पाय मागे सरकवतो. दर वेळी. इतर कुणाच्या लक्षात येणं शक्य नाही. उद्या टट्लला, आपल्या मुख्य क्वार्टरबॅकला, सांगायचं. तो खेळतो, मी बघतो. बघितलेलं सांगण्याचाच मला पगार मिळतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर
सांगायचं राहिलं. काल टट्ल घाईत होता. आज मी. शिवाय सामन्याच्या आदल्या दिवशी माणसाच्या डोक्यात जास्त काही भरू नये. उद्या नक्की.

रविवार, १९ ऑक्टोबर
तिसऱ्या सत्रात चोपन्नचा पाय मागे सरकला. मी पाहिला. तोंड उघडलं. मिटलं. ढिगाऱ्याखाली टट्ल. गुडघा गेला, मोसम संपला.
ओरडलो असतो तरी सत्तर हजारांच्या गोंगाटात त्याला ऐकू गेलं नसतं. ओरडलो नाही, हा भाग वेगळा.
मग मी मैदानात. सगळे गोल करून वाकले, मी पुढच्या चालीचं नाव पुकारलं. दहाही जण माझ्याकडे बघत राहिले. नाव समोरच्या संघाच्या चालीचं होतं. आठवडाभर तेच तोंडात. बिगलो, क्वार्टरबॅकसमोर भिंतीसारखा उभा राहणारा आपला अगडबंब गडी, म्हणाला, बाबा रे, आज तू कुणाकडून आहेस?
हरलो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर
बायकोने, डार्लाने, टट्लसाठी उकडलेल्या करंज्यांसारखे पिएरोगी करून दिले. अर्धे गाडीतच संपले. मन खात असलं की मला भूक लागते. टट्ल म्हणाला, म्हातारबा, टीम आता तुझी, सांभाळ. सरळ डोळ्यांत बघून म्हणाला. मी त्याच्या अंगणातली पानं झाडून काढली. मग शेजाऱ्याच्याही.
संकल्प: रविवारी जिंकायचं, चेंडू टट्लच्या हातात द्यायचा, मग सगळं सांगून टाकायचं. जिंकलेल्या माणसावर कुणी फार रागवत नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर
माझे चार चेंडू आपल्यांऐवजी समोरच्यांनी झेलले, पुन्हा हरलो. वारा होता. स्टेडियमला छप्पर आहे, पण दारं उघडी होती.
कोण कुठून धावून येतोय, ते टट्ल मैदानाच्या कडेला कुबड्यांवर उभा राहून शेवटपर्यंत मला ओरडून सांगत होता. सत्तर हजारांच्या गोंगाटात शब्द न् शब्द ऐकू आला.

सोमवार, २७ ऑक्टोबर
राहवेना. टट्लकडे जाऊन सगळं सांगितलं. पाय, गुरुवार, शनिवार, मिटलेलं तोंड. तो गुडघा दुखेपर्यंत हसला. म्हणाला, चोपन्नचा पाय? अरे गाढवा, त्या बुधवारच्या फिल्मच्या मीटिंगमध्ये कोचनी तोच तर पुन्हा पुन्हा दाखवला, तू काय करत होतास? मी वेळेवर बाजूला सरकत होतो, तेवढ्यात बिगलोने माझ्या पायावर पाय दिला. तो बिचारा दवाखान्यात येऊन रडून गेला. तू कशाला रडतोस? पानं मात्र झाडत जा, छान झाडतोस.
संध्याकाळी कोचचा फोन. टँपाहून नवा क्वार्टरबॅक आणलाय. बुधवारपासून मी परत शत्रू.
डार्लाने विचारलं, टट्ल काय म्हणाला? म्हटलं, मोठ्या मनाचा माणूस, माफ केलं त्याने.
माफ करण्यासारखं काही नव्हतंच, हे सांगितलं नाही. या मोसमात माझ्या नावावर ती एक चूक तेवढी होती.