मलाही हाच त्रास

१४ एप्रिल, सोमवार

ही वही बेरिलने दिली. ती हिरवळीवर चेंडू घरंगळवायला जाते त्या बोल्स क्लबची उरलेली स्कोअरबुक. म्हणाली, क्लाइव, सकाळपासून तुला जे जे सुचतं ते यात लिही, मला ऐकवू नकोस. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या लेखनगुणांची दखल तिने प्रथमच घेतली.

पानावर दोन रकाने आहेत. एक घरच्या संघाचा, एक पाहुण्यांचा. मी डावीकडे समाधानाच्या गोष्टी लिहायच्या ठरवल्या आहेत आणि उजवीकडे तक्रारी. उजवा रकाना कोराच राहील, पण असू द्यावा.

संध्याकाळी ६

उजवीकडे नऊ. त्या तक्रारी नव्हेत, निरीक्षणं आहेत. शेजारच्या डॉन्सीचं पानं उडवायचं यंत्र हे निरीक्षणच.

१५ एप्रिल, मंगळवार

वॅगटेल मेल या ईमेल कंपनीच्या मदत फोरमवर सकाळी आठलाच सात तक्रारी. अकरा वर्षं मी तिथे आहे. फुकट मदत करतो. नावापुढे कांस्य पदकाचं चित्र आहे. (चांदीचं २०२१ सालीच मिळायला हवं होतं. जाऊ दे.)

आज कंपनीची सूचना आली. खाली सही टॅमसिन. ही ॲडलेडच्या ऑफिसातून फोरम सांभाळते. मजकूर असा: या तिमाहीत आलेल्या तक्रारींचा आकडा पाहून फोरम पुढे चालवायचा की नाही, ते ३० जूनला ठरेल.

मला अर्थ लगेच कळला. तक्रारी फार झाल्या. कंपनी कंटाळली.

बेरिलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, फार झाल्या असं यात कुठे लिहिलंय? मी म्हटलं, ओळींच्या मधलं वाचता यावं लागतं. ती म्हणाली, तू आधी ओळी वाच.

१७ एप्रिल, गुरुवार

योजना तयार. एकतीस वर्षं मी वॉलरूच्या धान्याच्या सायलोवर वजनकाटा सांभाळला. ट्रक कितीही खडखडाट करत आला तरी माल किती ते काटाच सांगतो. फोरमचे सभासद चार हजार. ओरडणारे साठ. म्हणजे तीन हजार नऊशे चाळीस माणसं सुखात आहेत आणि गप्प आहेत. त्यांना बोलतं करायचं. जूनअखेर शंभर समाधानी माणसं जमवायची आणि कंपनीपुढे ठेवायची.

फोरम वाचलाच पाहिजे. माझ्यासाठी नव्हे. मला काय, मी कुठेही रमतो. त्या बिचाऱ्यांना दुसरं कोण आहे?

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

हॉट क्रॉस बन खाऊन संदेश टाकला. शीर्षक: “मी समाधानी आहे.” खाली एवढंच: “अकरा वर्षं वॅगटेल वापरतो. मेल येतो, मेल जातो. काहीही अडचण नाही. क्लाइव पेंगेली, मूंटा.”

बनमध्ये मनुका कमी होत्या. लिहिलं उजवीकडे.

१९ एप्रिल

वॅगावॅगाच्या ग्लेनिसचं उत्तर आलं. क्लाइव, बरा आहेस ना रे? बेरिलला म्हणावं, कोणाला तरी फोन कर.

ओमारूच्या मर्वचं उत्तर आलं. कुठलं व्हर्जन? बंद करून पुन्हा चालू केलंस का?

मर्व सगळ्यांना हेच विचारतो. तरी सौजन्य म्हणून बंद केलं, पुन्हा चालू केलं. सगळं ठीक. तसं कळवलं. तो म्हणाला, मग प्रकरण खोल आहे, स्क्रीनचा फोटो पाठव.

फोटो पाठवला. त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. मर्व म्हणाला, हो, दिसतंय मला. तू घाबरू नकोस.

२४ एप्रिल

अपमान.

फोरमवर प्रत्येक संदेशाखाली एकच बटण असतं: “मलाही हाच त्रास.” माझ्या समाधानाखाली ते अकरा जणांनी दाबलं आहे.

ग्लेनिसला जाब विचारला, कारण पहिली तीच होती. ती म्हणाली, अरे बाबा, मीही समाधानीच आहे, पण ‘हो’ म्हणायला दुसरं बटण आहे कुठे?

म्हणजे ते अकरा त्रस्त नसून समाधानी आहेत! अपमान मागे घेतला. अकरा झाले, एकोणनव्वद राहिले.

२५ एप्रिल, अँझॅक डे

युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या पहाटेच्या सभेला मान खाली घालून उभा होतो. मनात हिशोब चालू होता असं बेरिलचं म्हणणं. ओठ हलत होते म्हणे.

घरी आल्यावर चौदा.

१० मे, शनिवार

त्रेसष्ट.

बेरिल म्हणाली, चल, मूंटा बेवर खेकडे धरायला जाऊ, पाणी छान उतरलंय. मला कसं जमणार? समाधानी माणसांवर लक्ष ठेवावं लागतं. बटण दाबतात आणि नाव लिहीत नाहीत. एकाने नुसतं “हम्म” लिहिलं. तीन जणांनी समाधानी आहोत म्हणून खाली लगेच प्रिंटरची अडचण विचारली. त्यांना शिस्तीत समजावलं, हा धागा फक्त ज्यांना काही म्हणायचं नाही त्यांच्यासाठी आहे.

बेरिल एकटीच गेली. परत आल्यावर म्हणाली, तुझं समाधान वाढायला लागल्यापासून तू फार चिडतोस.

खेकडे चांगले होते. जरा लहान.

२ जून, सोमवार

एकशे चार!

मोहीम फत्ते. बेकरीतून पेस्टी आणून साजरं केलं. आत गाजर निघालं. आमचे पूर्वज कॉर्नवॉलहून इथे तांब्याच्या खाणीत उतरले तेव्हा पेस्टीत मांस, बटाटा, कांदा आणि सलगम होता. गाजर नव्हतं. बेकरीवालीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मिस्टर पेंगेली, गेल्या महिन्यातही तुम्ही हेच सांगितलंत आणि पेस्टी पूर्ण खाल्लीत.

खाल्ली. पण समाधानाने नव्हे.

३ जून

टॅमसिनचा मेल. जसाच्या तसा उतरवतो: “क्लाइव, तुमच्या तक्रारीला १०४ जणांनी दुजोरा दिला आहे. फोरमच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी तक्रार आहे. आमचे दोन इंजिनीअर गेले तीन आठवडे तिच्यावर काम करत आहेत. बिघाड अजून सापडलेला नाही. धीर धरा.”

बटण दाबलं की यंत्र ती तक्रार धरतं! माझी एकशे चार समाधानी माणसं तक्रारखोरांत मोजली गेली आहेत. तिमाहीच्या एकूण तक्रारी: १४१. त्यांतल्या १०४ माझ्या.

म्हणजे फोरम बुडवणार तो मीच? शक्य नाही.

४ जून

कंपनीला पत्र लिहिलं. सहा पानं. बेरिलने विचारलं, तक्रार करतोयस का? मी म्हटलं, निवेदन. आकडा दुरुस्त करा, १०४ वजा करा. ट्रकचं वजन धान्यात धरलं तर काट्यावरच्या माणसाला घरी पाठवतात, हाही दाखला दिला.

९ जून, राजाचा वाढदिवस

सरकारी सुट्टी, ऑफिस बंद. राजाला एवढ्या उत्साहाने कोण शुभेच्छा देतं देव जाणे. पत्राचं दुसरं स्मरणपत्र.

१२ जून

ग्लेनिसचा फोरमवर खाजगी निरोप. लिहिते, अरे क्लाइव, राहू दे ना तो आकडा. आपलं काय बिघडतंय? जास्त तक्रारी दिसल्या तर त्यांना फोरम लागेल असं वाटेल, नाही का?

पुढे लिहिते, तुला म्हणून सांगते, माझा प्रिंटर चार वर्षांत एकदाही अडकलेला नाही. माझा नवरा नेव्हिल गेल्यापासून सकाळचा चहा मी तुम्हा लोकांबरोबर घेते. रोज नुसतं ‘गुड मॉर्निंग’ लिहायला बरं दिसत नाही, म्हणून प्रिंटर. मर्व उत्तर फार छान देतो.

वाचून थक्क झालो. चार वर्षं खोट्या तक्रारी! आकडे असे बिघडतात. तिला सविस्तर उत्तर पाठवलं: प्रामाणिक वजन हाच फोरमचा पाया. तिच्या बोलण्यात तर्क नाही, पण मन चांगलं आहे, हेही लिहिलं.

तिचं उत्तर एका शब्दाचं. “बरं.”

बेरिलला हे सांगितलं. ती विणता विणता थांबली. क्लाइव, ती बाई तुला काहीतरी सांगतेय, म्हणाली. मी म्हटलं, हो ना, प्रिंटरबद्दल.

२० जून, शुक्रवार

टॅमसिनचा स्वतः फोन आला. आवाज थकलेला. म्हणाली, तुमची चारही पत्रं मिळाली. आकडा वजा करता येईल. पण क्लाइव, तुम्हाला हे नक्की हवंय?

मी म्हटलं, नक्की.

ती म्हणाली, मी माझ्या बाजूने जास्त बोलू शकत नाही, पण १४१ हा आकडा चांगला आहे हो. मला आवडतो. राहू द्या का?

मी म्हटलं, बाईसाहेब, आकडा आवडायचा नसतो, बरोबर असायचा असतो.

 मग ती म्हणाली, लेखी द्या. लेखी दिलं. पाचवं पत्र.

नवीन पिढीला नेमकेपणाची भीती वाटते. तिच्याबद्दल वरिष्ठांना कळवावं का, विचार करतो आहे.

२४ जून

विजय!

दुरुस्त आकडा जाहीर झाला. तक्रारी: ३७. समाधानी: १०४. फोरमवर आभाराचं भाषण टाकलं. नऊशे शब्द. मर्व म्हणाला, वाचायला घेतलंय, सोमवारपर्यंत कळवतो.

कंपनी आता फोरम बंद करूच शकत नाही. एवढी सुखी माणसं कोण हाकलून देईल?

संकल्प: जुलैपासून दर महिन्याला समाधान सप्ताह.

३० जून, सोमवार. सकाळी १०.२०

निर्णय आला. उतरवून ठेवतो.

“शंभराहून कमी तक्रारी असलेले फोरम अनावश्यक समजून बंद करण्यात येत आहेत. वॅगटेल मेलच्या फोरमवर या तिमाहीत फक्त ३७ तक्रारी आल्या. आमचे ग्राहक समाधानी आहेत याचा आम्हाला आनंद वाटतो. हे निदर्शनास आणून दिल्याबद्दल श्री. क्लाइव पेंगेली यांचे विशेष आभार. फोरम आज सायंकाळी पाच वाजता बंद होईल.”

दोनदा वाचलं. या वेळी ओळीच वाचल्या.

दुपारी २

मर्वचा संदेश: छान तोललंस, दोस्ता.

तो टोमणा असावा. किंवा नसावा. ओमारूच्या माणसांचं कळत नाही.

बाकीचे निरोप घेत आहेत. एकाने सतरा वर्षांपूर्वीची माझी मदत आठवली. मी अकरा वर्षंच आहे, पण दुरुस्ती केली नाही.

४.४०

ग्लेनिस: चला, येते. चहाला सोबत छान होती हं सगळ्यांची. क्लाइव, तुझ्यावर राग नाही.

तिला म्हटलं, माझा पत्ता घेऊन ठेव. पत्ता टाइप केला. फोरमच्या यंत्राने त्या जागी चांदण्या (****) टाकल्या. फोन नंबर टाकला. चांदण्या. शब्दांत फोडून लिहिला. त्यालाही चांदण्या. खाजगी माहिती देऊ नये असा नियम आहे. २०१७ साली तो मीच सुचवला होता, आणि पळवाटा राहू नयेत म्हणून यादीही मीच दिली होती.

ग्लेनिसने लिहिलं, काही दिसत नाहीये रे, नुसत्या चां

पाच वाजले.

सायंकाळी ६

 बेरिलने चहा आणून ठेवला. दोन बिस्किटं. ती कधी दोन देत नाही.

२ जुलै

फोरम गेला ते बरंच झालं. वेळ मोकळा झाला. सकाळचे तीन तास. बागकाम करावं म्हणतो. पाऊस होता. दुपारी बेरिलला टोस्टरबद्दल एक निरीक्षण सांगितलं. ती म्हणाली, वही.

फोन डिरेक्टरीत वॅगावॅगाची ग्लेनिस शोधता येत नाही. आडनाव लागतं.

३ जुलै

उजवा रकाना रिकामा. डावाही. टोस्टर बरा चालतो.

४ जुलै, शुक्रवार

वॅगटेलच्या मदत क्रमांकावर फोन केला. कशासाठी ते आधी ठरवलं नव्हतं. पस्तीस मिनिटं बासरी ऐकली. मग एका मुलीने उचलला. नाव शार्लीन. आवाज प्रसन्न. म्हणाली, बोला मिस्टर पेंगेली, काय अडचण आहे?

मी स्क्रीनकडे पाहिलं. मेल येत होता, जात होता. काहीच अडचण नाही, म्हटलं.

ती म्हणाली, अरे वा, छान. मग फोन कशासाठी केलात?

प्रश्न रास्त होता.   तिच्या मागे आणखी कितीतरी माणसं फोनवर बोलत असल्याचा आवाज येत होता.

म्हटलं, अक्षरं जरा फिकट दिसतात.

अस्सं, ती म्हणाली. कधीपासून?

मी खुर्ची ओढून नीट बसलो आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.