तिसरा कीबोर्ड

प्रिय छबकडे,

तू पाठवलेला तिसरा कीबोर्ड पोचला, आणि सांगायला वाईट वाटतं, आठवड्याच्या आत तोही बिघडला. म्हणजे तुझे बाबा तसं म्हणतात. डाव्या कडेची बटणं पुन्हा चालेनाशी झाली आहेत, अगदी पहिल्या दोन्ही कीबोर्डांसारखीच. फोनवर हे बोलता येत नाही, तुझा फोन आला की ते कान देऊन शेजारीच बसलेले असतात. म्हणून लिहितेय. फार थकलेय, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

उपाय काय कमी केले? कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून बिस्किटांचा चुरा निघाला आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. ब्रशने फटी साफ केल्या, वायर काढून दुसरीकडे खोचली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मी गमतीने म्हटलंसुद्धा, नाचता येईना अंगण वाकडं. तेही हसले. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने एकेक बटण दाबलं आणि प्रत्येक अक्षर पडद्यावर उमटलं. बाबा म्हणाले, पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागतंय कार्टं! तो बिचारा चहा पिऊन गेला.

तुला टायपिंग शिकवताना ते तुझ्या हातांवर टॉवेल टाकायचे, आठवतं? खाली बघितलंस तर जेवण नाही म्हणायचे आणि मग पहिला घास तेच भरवायचे. सगळी नोकरी टाइप करण्यात गेली, पण बटणांकडे कधी बघितलं नाही. आताही वकीलसाहेबांचे कागद टाइप करायला घरी येतात म्हणून सकाळी दाढी करून टेबलाशी बसतात. ते काम सुटलं तर या माणसाचं काय होईल, हे तुला वेगळं सांगायला नको.

गेल्या आठवड्यात मी भाजी निवडत त्यांच्या शेजारी बसले होते. ते पडद्याकडे बघत होते, मी त्यांच्या हातांकडे. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं खाली जातच नव्हती गं. बटणांवर नुसती टेकलेली. आपली बोटं चुकतील हे त्यांच्या मनातही येत नाही, चुकेल ते यंत्र. मग एकेक उलगडत गेलं, बटणांचे शर्ट का सोडले, डब्याचं झाकण हल्ली मला का उघडायला लावतात. माझी म्हण मलाच लागली. मेला कीबोर्डच वाईट, असं मीच मोठ्याने म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

तेव्हापासून ते फिरायला गेले की मी टेबलाशी बसते आणि गळलेली अक्षरं भरते, एका बोटाने, शोधून शोधून. वकीलसाहेबांना अजून पत्ता नाही. पण काल खूपच अक्षरं गळली होती. आता मधलं बोटही साथ देत नाहीसं दिसतं. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, कीबोर्डला घेऊन दवाखान्यात जाऊ का? पालथ्या घड्यावर पाणी. दमले गं मी. कामाने नाही, हे एकटीलाच ठाऊक असण्याने दमले.

आज सकाळी म्हणाले, छबकडीला लिही, या वेळी जरा चांगल्यातला पाठव म्हणावं. म्हणून हे पत्र. पोस्टात टाकायलाही तेच जाणार आहेत, तेव्हा पाकीट डिंकाने पक्कं बंद करतेय. तू कीबोर्ड पाठवू नकोस. तू ये. माझं ऐकत नाहीत, पण तू त्यांची शिष्या आहेस. त्यांच्याशेजारी बस, टाइप करायला सांग, आणि या वेळी एकदा, एकदाच, त्यांना खाली बघायला लाव. मग त्यांचा तो हात तू धर. माझ्याच्याने होत नाही.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई